मराठी आणि 'बहासा' : दोन किनाऱ्यांच्या भाषा

ज्या किनाऱ्यावर आपण राहतो त्याचे नाव पाचशे वर्षांपूर्वी मलाक्काच्या बाजारात सर्वांच्या परिचयाचे होते. तोमे पिरेश नावाचा एक पोर्तुगीज औषधी-व्यापारी इ. स. १५१२ पासून काही वर्षे त्या बंदरात राहिला. पूर्वेकडील देशांचे जे विस्तृत वर्णन त्याने लिहून ठेविले, त्यात मलाक्कास येणाऱ्या व्यापाऱ्यांची एक लांबलचक यादी आहे. कैरो, एडन, होर्मुझ व गुजरात येथील लोकांच्या जोडीने तीत चौल, दाभोळ व गोवा येथील माणसे आहेत, आणि थोडे पुढे ओरिसाचे व्यापारीही आहेत. त्या एका बंदरात चौऱ्यायशी भाषा कानी पडतात, असेही तो सांगतो. आकड्यात थोडीबहुत अतिशयोक्ती असेल, ती सोडून देऊ. आम्हांस कुतूहल वाटते ते असे की, चौलचा व्यापारी तेथे उतरल्यावर सौदा कोणत्या भाषेत करीत असेल?

बाजाराची भाषा मलय होती. तिच्याच आजच्या एका रूपास 'बहासा इंडोनेशिया' म्हणतात. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी तेथील तरुणांनी आपल्या परिषदेत या भाषेस हे नाव देऊन ती सर्वांची म्हणून पत्करली, आणि १९४५ च्या राज्यघटनेने तिला राज्यभाषा केले. मौज अशी की, त्या देशात जावानी ही अधिक घरांत बोलली जाणारी भाषा होती. तरी मान मिळाला तो बंदराबंदरांतून फिरणाऱ्या, कोणत्याही एका मोठ्या जातीची नसलेल्या मलयीस. ओरिसाच्या, म्हणजे आजच्या ओडिशाच्या लोकांस या बेटांची आठवण अजून आहे. कटक येथे कार्तिकी पौर्णिमेपासून 'बालीयात्रा' भरते, तिच्या नावातच ती आहे. आपल्या किनाऱ्यावर अशी यात्रा नाही. शब्द मात्र आहेत, आणि त्यांच्याच आधाराने आज या दोन भाषा शेजारी शेजारी बसवून पाहण्याचा आमचा विचार आहे.

पहिला शब्द नावातच आला. 'बहासा' म्हणजे आपली 'भाषा'. महाप्राण अक्षर मलय जिभेस जड जाते. तेव्हा तिने 'भ'मधला 'ह' वेगळा काढला व त्याच्या पाठीस 'अ' लावून दिला. एकदा ही युक्ती ध्यानात आली की पुढचे कोडे मुलांनी आपल्या आपण सोडवावे. 'पहाला' म्हणजे काय? फळ, अर्थात् पुण्याचे फळ. 'बहाया'? भय, किंवा भयाचे कारण जे संकट ते. 'बहागिया'? भाग्य, आणि त्यावरून सुखी. 'चहाया' हा शब्द तर फारच गमतीचा. तो 'छाया' या शब्दापासून आला आणि त्याचा अर्थ झाला प्रकाश! हा नियम सर्वत्र लागू पडतोच असे नाही. भूमीची 'बूमी' झाली आणि मुखाचा 'मुका' झाला. तेथे 'ह' सरळ गळून पडला. इंडोनेशियात कोणी आपला मुका धुण्यास निघाला तर हसू नये, तो तोंड धुण्यास चालला आहे.

आणखी एक गोष्ट कान देऊन ऐकण्यासारखी आहे. आपण 'रस' लिहितो आणि 'रस्' म्हणतो. शेवटचा 'अ' मराठीने केव्हाच सोडून दिला. त्या लोकांनी तो धरून ठेविला. ते 'रासा' म्हणतात, 'देसा' म्हणतात, 'वर्ना' म्हणतात. संस्कृताची सख्खी नात जे विसरली ते सातासमुद्रापलीकडच्या पाहुणीने जपून ठेविले.

हे शब्द तेथे पोहोचले केव्हा? बोर्निओ बेटाच्या पूर्व भागात कुताई येथे मूलवर्मा राजाचे यज्ञस्तंभ सापडले आहेत. त्यांवरील लेख शुद्ध संस्कृतात असून लिपीवरून ते इ. स. ४०० च्या सुमाराचे मानतात. मलय भाषेतील अगदी जुना असा जो लेख सुमात्रा बेटात पालेंबांगजवळ मिळाला, तो इ. स. ६८३ चा असून त्यात संस्कृत शब्द जागोजाग पेरलेले आहेत. त्याची मिती शकात दिली आहे. आपल्या घरच्या पंचांगावर जो शक छापलेला असतो, त्याच गणनेने तेथील कोरक्याने वर्षे मोजली, हे वाचून आम्हांस मोठा आनंद झाला.

मात्र परदेशी गेलेला शब्द तेथला रहिवासी होतो आणि तेथल्या रीतीने वागू लागतो. नगर या शब्दाचा 'नगारा' झाला व त्याचा अर्थ झाला राष्ट्र. उलट देश या शब्दाचा 'देसा' होऊन तो खेड्याएवढा आकसला. विचार या शब्दाचा 'बिचारा' झाला. त्याचा अर्थ बोलणे. (आधी विचार व मग बोलणे हा क्रम त्यांनी एकाच शब्दात उरकून टाकला.) कार्य या शब्दाचे 'कर्जा' झाले, म्हणजे काम. सुख याचे 'सुका' होऊन त्याचा अर्थ 'आवडणे' झाला. उपवास 'पुआसा' बनला. आज तेथील बहुसंख्य मुसलमान रमजानच्या रोजास हाच शब्द योजतात, स्वर्गास 'सुर्गा' व पापास 'दोसा' म्हणतात. सर्वांत नवल 'संगसारा' या शब्दाचे. आपला संसार तो हाच. परंतु त्या भाषेत त्याचा अर्थ आहे हालअपेष्टा. या अर्थावर आपल्या पालकांचे मत काय पडेल ते सांगणे आम्ही टाळतो.

इतके शब्द पाहिल्यावर कोणीही म्हणेल की, या दोन भाषा बहिणी असल्या पाहिजेत. येथेच जिज्ञासू विद्यार्थ्याने सावध व्हावे, कारण या विषयात बहुतेक जण याच ठिकाणी फसतात. कोणत्याही दोन भाषांचे नाते ठरविताना मोठाले शब्द बाजूस ठेवावे आणि घरातले लहान शब्द काढावे : आकडे, डोळा, पाणी, विस्तव, मासा. इंडोनेशियात डोळ्यास 'माता', विस्तवास 'आपी', दगडास 'बातू', माशास 'इकान' आणि समुद्रास 'लाउत' म्हणतात. सूर्यास 'माताहारी' असे सुंदर नाव आहे. त्यातला 'हारी' आपला हरि नव्हे. तो त्यांचा 'दिवस', आणि सूर्य म्हणजे दिवसाचा डोळा. यांतला एकही शब्द आपल्या घरचा नाही.

आकड्यांत एक सापळा आहे. दोनास ते 'दुआ' म्हणतात. संस्कृत 'द्वि', लॅटिन 'दुओ', फारसी 'दो' हे डोळ्यांपुढे असताना 'दुआ' हा त्यांचा भाऊ नव्हे असे मानण्यास मन तयार होत नाही. पण शेजारचे आकडे पाहा : सातू, दुआ, तिगा, अंपात, लिमा. चार व पाच यांची संस्कृताशी काही ओळख दिसत नाही. आता समुद्रात लांबवर पाहा. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत दोनास 'रुआ', हवाईत 'लुआ' आणि आफ्रिकेजवळच्या मादागास्करात 'रुआ' असेच म्हणतात. या सर्व भाषा एका कुळातल्या. होड्यांतून बेटाबेटांवर पसरलेल्या दर्यावर्दी लोकांनी त्या नेल्या. 'दुआ' हा त्या कुळातला. आपल्या 'दोन'शी त्याचे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. 'लिमा'ची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. हवाईच्या भाषेत 'लिमा' म्हणजे पाच आणि 'लिमा' म्हणजेच हात. त्यांनी हातावरून पाच म्हटले. आपण फारसी 'पंज' म्हणजे पाच, त्यावरून हाताला पंजा म्हणतो. बापास ते 'बापा' म्हणतात यावरूनही काही सिद्ध होत नाही, कारण तान्ही मुले सगळ्या जगात ओठांनीच बोलू लागतात.

दुसरी कसोटी वाक्याची. 'साया माकान इकान' म्हणजे 'मी मासा खातो', किंवा 'मी मासा खाते'. बोलणारा मुलगा असो की मुलगी, क्रियापद हलत नाही. शब्दांचा क्रम मात्र 'मी खा मासा' असा आहे. मी खाल्ला, मी खाईन हे सांगण्यासाठी मध्ये 'सुदाह' किंवा 'आकान' असा एक शब्द घातला की झाले. ज्या भाषेत लिंग नाही, विभक्ती नाही, क्रियापद चालवावे लागत नाही, ती आमच्या व्याकरणाच्या तासास कंटाळलेल्या मंडळीस स्वर्गच वाटेल! पण तिचा अवघडपणा दुसरीकडे आहे. 'आजार' हा धातू घ्या; त्याचा दुखण्याशी संबंध नाही. त्याला पुढून मागून जोड लावीत गेले की 'बलाजार' म्हणजे शिकणे, 'मंगाजार' म्हणजे शिकविणे, 'पलाजार' म्हणजे विद्यार्थी आणि 'पलाजारान' म्हणजे धडा. आपण शब्दाच्या शेपटीस प्रत्यय लावतो, ते डोक्यावरही टोपी घालतात. अनेकवचनासाठी शब्द दोनदा म्हणतात. 'आनाक' म्हणजे मूल, 'आनाक-आनाक' म्हणजे मुले. मात्र 'कुरा-कुरा' म्हणजे एकच कासव, हेही ध्यानात ठेवावे. विशेषण नामाच्या मागून येते. ओरांग म्हणजे माणूस, हुतान म्हणजे रान. त्यावरून प्राणिशास्त्राच्या पुस्तकातल्या ओरांगउटान या वानराचे नाव पडले, म्हणजे 'माणूस रानचा'.

वर 'साया' हा शब्द 'मी' या अर्थी आला. त्यांचा मूळचा 'मी' म्हणजे 'आकू'. 'साया' हा सहाय, म्हणजे सोबती किंवा सेवक, या संस्कृत शब्दाचे रूप आहे. आपल्याकडे पत्राच्या शेवटी 'आपला नम्र सेवक' म्हणून सही करीत, तीच नम्रता तेथे रोजच्या 'मी'मध्ये येऊन बसली.

आता एक स्थळ असे, की जेथे मराठी व बहासा यांची अगदी जोडी जमते. आम्ही तुम्हांस म्हटले की, 'आम्ही उद्या अलिबागला जाणार', तर तुम्ही घरी राहिलात. 'आपण उद्या अलिबागला जाणार' असे म्हटले, तर तुम्ही आमच्या बरोबर निघालात. इंग्रजीत या दोहोंस एकच शब्द. हिंदीत 'हम' म्हटले की कोण कोण निघाले याचा खुलासा होत नाही. संस्कृतातही हा भेद नाही. मराठीत तो आहे, गुजरातीत आहे, आणि दक्षिणेकडे तमिळ व तेलुगू या भाषांत आहे. त्या शेजारातूनच तो आपणांकडे आला असावा, असे विद्वान मानतात. इंडोनेशियात 'आम्ही' म्हणजे 'कामी' व 'आपण' म्हणजे 'किता'. त्यांना तो आपल्या समुद्री कुळातून मिळाला. दोन घरांनी न विचारता, न भेटता, एकाच जागी एकच दार ठेविले असे म्हणावे लागते. शब्दांतले साम्य उसने असू शकते हे आपण पाहिले. येथे साम्य आहे, पण देणेघेणे नाही.

नंतरच्या काळात दोन्ही किनाऱ्यांवर आणखी दोन लाटा आल्या. एक अरबी-फारसी. इंडोनेशियात भेट होताच 'आपा काबार?' म्हणून विचारतात, म्हणजे शब्दशः 'काय खबर?' अक्कल तेथे 'आकाल', दुनिया 'दुनिया', वख्त 'वाक्तू'. ऋतूस ते 'मुसिम' म्हणतात. आपला मोसम व मोसमी वारे त्याच अरबी शब्दातून आले. ज्या वाऱ्याने गलबते हाकली त्याचे नाव दोन्ही टोकांस एकच असावे हे योग्यच झाले.

दुसरी लाट पोर्तुगीजांची, आणि तिचा मारा आपल्या किनाऱ्यावर अधिक जवळून झाला. पोर्तुगीजांनी १५११ मध्ये मलाक्का घेतले व १५२१ मध्ये चौलास किल्ला बांधण्यास आरंभ केला. त्यांच्या लिलावास आपण 'लिलाव' व ते 'लेलांग' म्हणतात. आपली फीत ती त्यांची 'पिता', अननस 'नानास', पपई 'पपाया', तंबाखू 'तंबाकाउ', आणि नाताळ 'नाताल'. काही ठिकाणी निवड वेगळी झाली. शाळेस आपण संस्कृत शब्द ठेविला, ते मात्र पोर्तुगीज वळणाने 'सकोलाह' म्हणतात. उलट कुलपाच्या 'चावी'चे नाव आपण पोर्तुगीजांकडून घेतले, आणि त्यांनी 'कुंची' हा संस्कृत शब्द चालू ठेविला. खिडकीस त्यांनी 'जंदेला' म्हटले, चर्चला 'गरेजा', रविवारास 'मिंगू', पायांतल्या बुटांस 'सपातू'. दोन फसवे शब्द सांगून ठेवितो. आपला 'पगार' पोर्तुगीज. त्यांचा 'पागार' म्हणजे कुंपण, तो अस्सल मलय. आणि कपड्यांची 'इस्त्री' तेथे कोणी मागू नये, कारण त्या भाषेत 'इस्त्री' म्हणजे पत्नी.

येथवर ज्या गोष्टी सांगितल्या त्यांचा पडताळा पाहण्यास जावाबेटास जाण्याचे कारण नाही. रेवदंड्याची खाडी ओलांडली की पुरे. खाडीच्या मुखाशी जो डोंगर आहे त्यावर कोर्लईचा किल्ला आहे, आणि त्याच्या पायथ्याशी कोर्लई गाव. १७४० च्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांकडे आली आणि पोर्तुगीज निघून गेले. त्यांची भाषा मात्र गेली नाही. गावातल्या ख्रिस्ती वस्तीत, सुमारे हजारभर माणसांत, ती आजही घराघरांतून चालू आहे. बोलणारे तिला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. जे. क्लॅन्सी क्लेमंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिचा अभ्यास करून १९९६ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

मलाक्काचेही तसेच झाले. १६४१ मध्ये डचांनी ते घेतले, परंतु तेथील काही ख्रिस्ती घरांत 'ख्रिस्तांग' नावाची बोली टिकून राहिली. म्हणजे असे झाले : एकाच पोर्तुगीज झाडाची दोन रोपे, एक मराठीच्या अंगणात लागले व दुसरे मलयीच्या. शब्द दोन्हीकडे बहुतांशी पोर्तुगीजच. पण ख्रिस्तांगमध्ये क्रियापद मध्ये येते, कर्म त्याच्या मागून, 'मी खा मासा' या मलय चालीवर; आणि अनेकवचनासाठी शब्द दोनदा म्हणण्याची मलय सवयही तिने उचलली. कोर्लईत क्रियापद सरकत सरकत वाक्याच्या शेवटी जाऊन बसले, जेथे ते मराठीत बसते. इंडोनेशियाच्या भाषेने आपल्याकडचे शेकडो शब्द घेतले आणि आपली चाल सोडली नाही. कोर्लईच्या भाषेने आपले शब्द सोडले नाहीत आणि चाल आपल्यासारखी केली. याचे कारण उघड आहे. जहाजाने येणारा पाहुणा शब्द देऊन जातो. चाल लागते ती रोज एका विहिरीवर पाणी भरणाऱ्या शेजाऱ्याची.

याचा एक लहानसा पुरावा आम्हांस फार आवडतो. पोर्तुगीज क्रियापदांचे अंती येणाऱ्या स्वरांवरून तीन गण आहेत, आ, ए आणि ई यांचे, आणि कोर्लईने ते तिन्ही राखले. मग शेजारच्या मराठीतून क्रियापदे येऊ लागली. त्यांना यांपैकी एखाद्या गणात कोंबावयाचे होते. तसे न करता त्या भाषेने चौथा गण निर्माण केला, ऊकारान्त. लोटणे हे मराठी क्रियापद तेथे 'लोटू' झाले. 'लोटू नको', 'लोटू या' यांत आपण जे म्हणतो तेच कानावर येते. अशा भाषेस कित्येक जण 'मोडकी पोर्तुगीज' म्हणून नाक मुरडतात आणि मग ती बोलणारी मुले चारचौघांत बोलण्यास लाजतात. आमच्या मते हे अज्ञान आहे. जी वस्तू मोडकी असते तिच्यात नवा गण तयार होत नाही.

कोर्लईची मुले शाळेत मराठी शिकतात, बाजारात मराठी बोलतात, आणि खाडीवर पूल झाल्यापासून गावाबाहेरचे जगही जवळ आले. घरातील वडील माणसांच्या तोंडी असलेले कित्येक शब्द लिहून ठेवलेले नाहीत. ज्या विद्यार्थ्यांच्या घरी ही भाषा आहे त्यांनी या सुट्टीत एक वही करावी. होडी, जाळे, मासे, चूल, सोयरीक व सण यांचे जे शब्द आजीआजोबा वापरतात ते देवनागरीत जसे ऐकू येतील तसे उतरावे, आणि प्रत्येकापुढे एक छोटे वाक्य लिहावे, म्हणजे क्रियापद कोठे बसते तेही कळेल. ज्यांच्या घरी ती नाही त्यांनी तसाच प्रयत्न आपल्या आगरी, कोळी व इतर बोलींचा करावा. वह्या शाळा उघडल्यावर आणाव्या. कोणता शब्द लिस्बनहून आला, कोणता मलाक्कास जाऊन परतला आणि कोणता येथेच उगवला, ते आपण मिळून पाहू.